वर्गमूळ सोपे करताना : कुठून सुरुवात करावी, कुठे थांबावे

सातवी-आठवीपर्यंत वर्गमूळ मुलांना त्रास देत नाही. √३६ म्हणजे ६, √१४४ म्हणजे १२, संपले. नववीत मात्र √७२ समोर येते आणि एकाच वर्गात चार उत्तरे निघतात. कुणी ८.४८ लिहितो, कुणी २√१८, कुणी ६√२, तर कुणी √७२ तसेच ठेवून पुढे जातो. यातले बरोबर कोणते, आपल्या मुलाचे गुण का कापले, आणि हे कुठे थांबवायचे, असे अमरावती-अकोल्याकडचे पालक आणि विद्यार्थी दरवर्षी विचारतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी उत्तर देऊन टाकू. √७२, २√१८ आणि ६√२ या तिन्हींची किंमत एकच आहे, पण सरळ रूप फक्त ६√२ हे आहे. ८.४८ ही जवळपासची किंमत आहे, तंतोतंत नाही. सरळ रूप मागतात त्याला कारण आहे. दोन वर्गमुळांची बेरीज होते की नाही, त्यांतले मोठे कोणते, उत्तर पडताळायचे कसे, हे सगळे सरळ रूपातच डोळ्यांना दिसते.

आधी ठरवा : उत्तर कशासाठी हवे आहे?

- शाळेच्या किंवा बोर्डाच्या परीक्षेसाठी : प्रश्नात दशांशात किंमत मागितली नसेल तर उत्तर सरळ रूपात ठेवा. ६√२ हे पूर्ण उत्तर आहे, त्यापुढे काही करायचे नसते.
- शिष्यवृत्ती किंवा भरती परीक्षेसाठी : आधी पर्याय पाहा. पर्याय ६√२, ८√३ असे असतील तर सरळ रूप काढा. ८.४, ८.५ असे असतील तर दशांश लागेल.
- वावर, बांधकाम, कुंपण यांसाठी : शेवटी फूट-मीटरच लागतात. तरीही सरळ रूप आधी काढा आणि दशांश अगदी शेवटच्या पायरीवर घ्या.

एवढी तयारी हवीच

१ ते २० या संख्यांचे वर्ग तोंडपाठ असले पाहिजेत. त्यातही हे वर्ग सतत कामी येतात :

४, ९, १६, २५, ३६, ४९, ६४, ८१, १००, १२१, १४४, १६९, १९६, २२५, २५६, २८९, ३२४, ३६१, ४००

दुसरी गोष्ट म्हणजे एक नियम. अ आणि ब ऋण नसतील तर √(अ × ब) = √अ × √ब. भागाकारालाही हाच नियम लागतो, फक्त ब शून्य नको. बेरीज-वजाबाकीला हा नियम लागत नाही, हे इथेच वहीत ठळक लिहून ठेवा.

पहिली पद्धत : सर्वांत मोठा पूर्ण वर्ग शोधा

वरुड-मोर्शीकडच्या संत्रा बागेचे उदाहरण घेऊ. झाडे ६ मीटर × ६ मीटर अंतरावर चौरस पद्धतीने लावली आहेत. तर तिरप्या रेषेतल्या दोन झाडांमधले अंतर किती? पायथागोरसच्या प्रमेयाने ते √(३६ + ३६) = √७२ मीटर येते.

१. ७२ ला नि:शेष भाग जाईल असा सर्वांत मोठा पूर्ण वर्ग शोधा. तो ३६ आहे.
२. ७२ = ३६ × २ असे लिहा.
३. √७२ = √३६ × √२ = ६√२.
४. उलट पडताळा : ६ चा वर्ग ३६, ३६ × २ = ७२. बरोबर.

√२ ची किंमत सुमारे १.४१४ धरली तर हे अंतर सुमारे ८.४८ मीटर होते.

पूर्ण वर्ग चटकन सापडावा म्हणून या खुणा वापरा :

- शेवटच्या दोन अंकांच्या संख्येला ४ ने भाग जात असेल, तर मूळ संख्येलाही ४ ने भाग जातो.
- अंकांच्या बेरजेला ९ ने भाग जात असेल, तर संख्येलाही ९ ने भाग जातो.
- शेवट ००, २५, ५० किंवा ७५ असेल, तर २५ ने भाग जातो.

सर्वांत मोठा वर्ग पहिल्याच फटक्यात दिसला नाही तर अडून बसू नका. √७२ = २√१८ आले तरी चालेल. १८ मध्ये अजून ९ आहे, म्हणून २ × ३ × √२ = ६√२. इथे एकच सावधगिरी बाळगा. बाहेर आलेल्या संख्यांचा गुणाकार करायचा असतो. २ आणि ३ मिळवून ५√२ लिहिणारी मुले पुष्कळ आहेत.

दुसरी पद्धत : मूळ अवयव पाडा

संख्या मोठी असेल किंवा पूर्ण वर्ग दिसतच नसेल, तर ही पद्धत घ्या. उदाहरणार्थ √४३२ :

१. ४३२ = २ × २ × २ × २ × ३ × ३ × ३.
२. सारख्या अवयवांच्या जोड्या लावा : (२, २), (२, २), (३, ३), आणि एक ३ एकटा.
३. प्रत्येक जोडीतला एकच अवयव बाहेर येतो : २ × २ × ३ = १२.
४. एकटा राहिलेला ३ आतच राहतो. उत्तर १२√३.
५. पडताळा : १४४ × ३ = ४३२.

कोणती पद्धत निवडावी? संख्या २०० च्या आत असेल तर बहुधा पहिली लवकर होते. त्यापुढे किंवा मनात शंका असेल तर दुसरी घ्या. ती लांबते, पण चुकत नाही. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. ज्या मुलाला जी जमते ती त्याला वापरू द्या.

थांबायचे कुठे? तीन प्रश्न विचारा

१. मूळचिन्हाच्या आतल्या संख्येला ४, ९, २५, ४९ अशा एखाद्या वर्गाने अजून भाग जातो का?
२. मूळचिन्हाच्या आत अपूर्णांक उरला आहे का?
३. अपूर्णांकाच्या छेदात वर्गमूळ उरले आहे का?

तिन्हींचे उत्तर 'नाही' आले की थांबा. √३० मध्ये २, ३ आणि ५ एकेकदाच येतात, जोडी कुठेच नाही. म्हणून √३० हे सरळ रूपच आहे. काहीतरी बाहेर आलेच पाहिजे, असा हट्ट धरू नका.

बेरीज-वजाबाकी : आधी सरळ रूप, मग बेरीज

√५० + √८ − √१८ पाहून वाटते की इथे काहीच जमणार नाही. सरळ रूप काढले की ५√२ + २√२ − ३√२ होते आणि उत्तर ४√२ येते. मूळचिन्हाच्या आत सारखीच संख्या असेल तर बाहेरच्या संख्या मिळवता येतात. पाठ्यपुस्तकात अशा वर्गमुळांना सजातीय करणी म्हटले आहे. २√३ + ५√२ ची बेरीज होत नाही. ते तसेच लिहायचे, आणि तेच अंतिम उत्तर असते.

दोन वर्गमुळे एकत्र येतील का, हे तपासायची एक जुनी आणि पक्की कसोटी आहे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातल्या आपल्या 'बीजगणित' ग्रंथात करणींच्या बेरजेची रीत दिली आहे. आतल्या दोन संख्यांचा गुणाकार करा. तो पूर्ण वर्ग असेल तर बेरीज एका करणीत येते, नसेल तर दोन्ही वेगळ्या ठेवा. √२ आणि √८ घ्या. २ × ८ = १६ हा पूर्ण वर्ग आहे, म्हणून बेरीज शक्य आहे. ती अशी : २ + ८ + २ × ४ = १८, म्हणजे √१८ = ३√२. आपल्या रीतीने √२ + २√२ = ३√२, तेच उत्तर. परीक्षेत शंका आली तर ही कसोटी काही सेकंदांत लावता येते.

गुणाकार आणि छेदातले वर्गमूळ

गुणाकारात आतल्या संख्या एकत्र येतात : √६ × √१५ = √९० = ३√१०. मुले √९० वर थांबतात आणि अर्धा गुण जातो. गुणाकार झाला की वरचे तीन प्रश्न पुन्हा विचारा.

छेदात वर्गमूळ असेल तर परिमेयीकरण करायचे :

- छेदात एकच पद : ६/√३ मध्ये अंश आणि छेद दोन्हींना √३ ने गुणा. ६√३/३ = २√३.
- छेदात दोन पदे : ४/(√७ − √३) मध्ये दोन्हींना अनुबद्ध पदाने, म्हणजे (√७ + √३) ने गुणा. छेद ७ − ३ = ४ होतो आणि उत्तर √७ + √३ येते.

हा खटाटोप कशाला, असे मुले विचारतात. १/√३ आणि √३/३ एकच. √३ साठी १.७३२ धरून १ ला १.७३२ ने भागून पाहा, आणि मग १.७३२ ला ३ ने भागा. उत्तर एकच येते, पण कागदावर दुसरा भागाकार कितीतरी सोपा जातो.

अक्षरे आली की काळजी वाढवा

- √(१२क्ष³) : क्ष धन असेल तर १२ मधून ४ आणि क्ष³ मधून क्ष² बाहेर काढा. उत्तर २क्ष√(३क्ष).
- √(क्ष²) नेहमीच क्ष नसते. क्ष = −३ घेतले तर क्ष² = ९ आणि √९ = ३, म्हणजे चिन्ह बदलले. प्रश्नात 'क्ष > ०' दिले आहे का ते आधी वाचा. दिले नसेल तर उत्तर |क्ष|.
- √(क्ष² + ९) म्हणजे क्ष + ३ नव्हे. क्ष = ४ ठेवा : √२५ = ५, पण ४ + ३ = ७.

धन-ऋण चिन्हाचा गोंधळ

√२५ म्हणजे ५, फक्त धन. पण क्ष² = २५ हे समीकरण असेल तर क्ष = ५ किंवा क्ष = −५. मूळचिन्ह प्रश्नातच असेल तर एक उत्तर, समीकरण सोडवत असाल तर दोन, एवढे लक्षात ठेवा.

दहावीच्या वर्गसमीकरणात ही सगळी कौशल्ये एकत्र लागतात. क्ष² − ६क्ष + ४ = ० घ्या. सूत्राने क्ष = (६ ± √२०)/२ = (६ ± २√५)/२. आता २ ने भागताना दोन्ही पदांना भागा : ३ ± √५. ३ ± २√५ किंवा ६ ± √५ ही दोन उत्तरे सर्वांत जास्त दिसतात आणि दोन्ही चूक आहेत. पडताळा असा : मुळांची बेरीज ६ आणि गुणाकार ९ − ५ = ४, म्हणजे समीकरणाशी जुळले.

वावराच्या हिशेबात वर्गमूळ

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. हा ३३ चा वर्ग आहे. एक एकर म्हणजे ४० गुंठे. एवढ्यावर कोणत्याही चौरस वावराची बाजू काढता येते : बाजू = ३३ × √(गुंठे) फूट.

- १ एकर : ३३√४० = ६६√१०, सुमारे २०८.७ फूट.
- २ एकर : ३३√८० = १३२√५, सुमारे २९५.२ फूट.
- ५ एकर : ३३√२०० = ३३०√२, सुमारे ४६६.७ फूट.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. त्यामुळे ४० आर चौरस तुकड्याची बाजू √४००० = २०√१०, म्हणजे सुमारे ६३.२ मीटर. ४० आर हे एका एकरापेक्षा किंचित कमी भरतात, म्हणून फुटात रूपांतर केल्यावर थोडा फरक दिसेल. तो हिशेबाचा दोष नाही.

आता निर्णयाचा प्रश्न घ्या. ५ एकर वावर चौरस असेल तर कुंपण कमी लागेल, की लांबी रुंदीच्या दुप्पट असेल तर? चौरसाची परिमिती १३२०√२ फूट. दुसऱ्या आकारात रुंदी ३३० फूट आणि लांबी ६६० फूट, म्हणून परिमिती १९८० फूट. १९८० म्हणजे १३२० × १.५, आणि √२ हा १.५ पेक्षा लहान. म्हणजे दशांश न काढताही चौरसाचे कुंपण कमी, हे कळते. आकड्यात काढायचे तर चौरसाला सुमारे १८६७ फूट लागते. एका तारेमागे सुमारे ११३ फुटांचा फरक, आणि तीन तारा ओढायच्या असतील तर सुमारे ३४० फुटांचा.

दशांश लवकर घेतल्याचे नुकसान : एक एकर चौरसाची परिमिती २६४√१० फूट. √१० = ३.१६२ धरले तर सुमारे ८३४.८ फूट येते. सुरुवातीलाच ३.२ धरले तर ८४४.८ येते, म्हणजे दहा फूट तार उगाच. आपले धुरे क्वचितच सरळ आणि सारखे असतात, त्यामुळे हे आकडे अंदाजपत्रकासाठीच वापरा. हद्दीचा प्रश्न असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच ग्राह्य असते.

हमखास होणाऱ्या चुका

- √(९ + १६) = ३ + ४ = ७ लिहिणे. खरे उत्तर √२५ = ५.
- √५० = २५√२ लिहिणे. बाहेर येताना २५ चे वर्गमूळ ५ येते.
- ६√२ मधला ६ बारीक करून मूळचिन्हाच्या कोपऱ्यात लिहिणे. तपासणाऱ्याला ते सहावे मूळ वाटते. गुणक ठळक आणि ओळीवर लिहा.
- मूळचिन्हाची आडवी रेघ आखूड काढणे. √(३क्ष) लिहायचे असेल तर रेघ क्ष च्याही डोक्यावरून गेली पाहिजे.
- √(−४) चे उत्तर −२ लिहिणे. ऋण संख्येचे वर्गमूळ वास्तव संख्यांत नसते.

परीक्षा आणि तुमचे हक्क

राज्य मंडळाच्या दहावीच्या गणिताच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही. म्हणून घरी सरावालाही मोबाइल बाजूला ठेवा आणि फक्त शेवटच्या पडताळणीला वापरा. नववीच्या २०१७ पासूनच्या गणित भाग १ मध्ये 'वास्तव संख्या' या दुसऱ्या प्रकरणात हा भाग आहे. दहावीत तोच वर्गसमीकरणे, पायथागोरसचे प्रमेय, निर्देशक भूमिती आणि त्रिकोणमितीत लागतो. नववीत कच्चे राहिलेले मूल दहावीच्या दोन्ही भागांत अडते, म्हणून पालकांनी नववीचे पुस्तक रद्दीत देऊ नये.

- पायऱ्या लिहा. √७२ = √(३६ × २) ही मधली ओळ गाळू नका. शेवटी चूक झाली तरी बरोबर पायऱ्यांचे गुण मिळू शकतात.
- निकालावर शंका असेल तर मंडळाकडे गुणपडताळणीसाठी आणि उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज करता येतो. पुनर्मूल्यांकन हवे असेल तर आधी छायाप्रत घ्यावी लागते. अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम आणि यवतमाळ या जिल्ह्यांसाठी अमरावती विभागीय मंडळ आहे. मुदत आणि शुल्क निकालासोबतच्या प्रकटनात असतात. मुदत थोडी असते, ती चुकवू नका.
- मुलाला अध्ययन अक्षमता असेल तर जादा वेळेसारख्या सवलती मिळू शकतात. त्यासाठी सक्षम वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि अर्ज शाळेमार्फत जातो. दहावीचे वर्ष सुरू होताच मुख्याध्यापकांशी बोला. परीक्षेच्या तोंडावर हे काम होत नाही.
- वर्गात विचारायचा संकोच नको. आपल्या पद्धतीचे उत्तर बरोबर असूनही गुण कापले गेले असतील, तर वही घेऊन शिक्षकांना नम्रपणे विचारणे हा विद्यार्थ्याचा हक्क आहे. बहुतेक शिक्षकांना असे विचारलेले आवडते.

आठवडाभराचा सराव

पहिले दोन दिवस फक्त वर्ग पाठ करा आणि २०० च्या आतल्या संख्यांची सरळ रूपे काढा. पुढचे दोन दिवस बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार. मग एक दिवस परिमेयीकरण आणि एक दिवस वर्गसमीकरणे. सातव्या दिवशी ही उदाहरणे कॅल्क्युलेटरशिवाय सोडवा :

१. √९८
२. √५८८
३. √४५ + √२०
४. √१२ × √१५
५. २/(√५ − √३)
६. क्ष² − ८क्ष + ४ = ०
७. १० एकर चौरस वावराची बाजू किती फूट?

उत्तरे : (१) ७√२ (२) १४√३ (३) ५√५ (४) ६√५ (५) √५ + √३ (६) ४ ± २√३ (७) ३३√४०० = ६६० फूट

पहिली दोन चुकली तर १ ते २० च्या वर्गांकडे परत जा. तिसरे-चौथे चुकले तर 'बेरजेला नियम लागत नाही, गुणाकाराला लागतो' ही ओळ पुन्हा वाचा. शेवटची तीन चुकली असतील तर मधली पायरी गाळली का ते वहीत पाहा. त्या एका दुरुस्तीनंतर तेच उदाहरण दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडवा. नवे जाड पुस्तक आणण्याआधी हे करून पाहा, बहुतेकांचे काम एवढ्यावर भागते.